‘देतो/देते’ आणि अर्जातला तिसरा रकाना

एका नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्रात काम करणाऱ्या वाचकांनी दोन प्रश्न विचारले आहेत. अर्जांचे नमुने नव्याने करताना लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांच्या पुढे ‘तृतीयपंथी’ लिहावे, ‘पारलिंगी’ लिहावे की ‘इतर’, हा पहिला. आणि घोषणापत्रातील ‘लिहून देतो/देते’ या जोडीला तिसरे रूप कोणते द्यावे, हा दुसरा. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, परंतु पहिल्याचे उत्तर आधी द्यायला हवे.

‘इतर’ हा शब्द शक्यतो टाळावा. 2011 च्या जनगणनेत पुरुष व स्त्री यांखेरीज ‘इतर’ हा पर्याय प्रथमच ठेवला गेला आणि त्याखाली देशभरात 4,87,803, तर महाराष्ट्रात 40,891 व्यक्तींची नोंद झाली. मोजले जाणे हेच त्या वेळी मोठे पाऊल होते. तरीही ‘इतर खर्च’, ‘इतर सूचना’ असे आपण लिहितो, तेव्हा नाव देण्याइतके महत्त्व ज्याला दिलेले नाही ते सारे आपण त्या शब्दाखाली ढकलत असतो. माणसाच्या ओळखीसाठी तो शब्द वापरणे मला पटत नाही.

‘तृतीयपंथी’ हा मराठीत चांगला रुळलेला शब्द आहे. वृत्तपत्रांनी तो रुजवला, शासनव्यवहारातही तो स्थिरावला आणि अपमानकारक शब्दांच्या जागी आल्यामुळे त्याला प्रतिष्ठाही मिळाली. त्याची घडण मात्र नीट पाहावी. पंथ म्हणजे वाट किंवा संप्रदाय. नाथपंथी, सनातनपंथी या शब्दांत तोच अर्थ आहे. पंथ पत्करता येतो आणि सोडताही येतो. गुरू-चेला परंपरेने चालणाऱ्या, घराणी मानणाऱ्या हिजडा समाजाला हा शब्द म्हणूनच बराचसा लागू पडतो, कारण तिथे खरोखरच एका समूहात रीतसर प्रवेश असतो. परंतु जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदला गेलेला आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा, एखाद्या बँकेत नोकरी करणारा माणूस, म्हणजे ट्रान्स पुरुष, कोणत्याही पंथात गेलेला नसतो, आणि तो स्वतःला तिसराही मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर दिलेल्या, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या ‘नालसा’ निकालात हाच मुद्दा होता: आपण पुरुष, स्त्री की तृतीय लिंगाचे, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे.

म्हणून व्यापक अर्थासाठी मी ‘पारलिंगी’ या शब्दाच्या बाजूने आहे. सीमापार, पारपत्र या शब्दांतला ‘पार’ येथे आहे. जन्मनोंदीने घालून दिलेली रेघ ओलांडून गेलेली ती पारलिंगी व्यक्ती. अशा व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठी संसदेने 2019 मध्ये केलेल्या कायद्याच्या व्याख्येत ट्रान्स पुरुष, ट्रान्स स्त्रिया आणि आंतरलिंगी वैविध्य असणाऱ्या (जन्मतः शरीराची लक्षणे ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) व्यक्ती यांच्या जोडीने किन्नर, हिजडा, तमिळनाडूकडचा अरावनी आणि आपल्याकडचा जोगता हे शब्दही घातले गेले. एवढ्या सगळ्यांना एका छत्राखाली घेणारा शब्द ‘तृतीयपंथी’ होऊ शकत नाही. त्याच कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी’ हा शब्द आहे. तो मात्र मराठी अर्जात उचलून आणू नये, कारण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्यावरून जास्वंदीचे फूल आणि गांडूळ आठवते.

‘पारलिंगी’ लिहिताना एक काळजी घ्यावी. टंकलेखनात एक काना गळला की ‘परलिंगी’ होते, आणि ‘पर’ म्हणजे परका. ‘पारस्त्री’, ‘पारपुरुष’ असे समास करणे तर त्याहून धोक्याचे आहे. ‘परस्त्री’ आणि ‘परपुरुष’ या शब्दांना मराठीत जो वास आहे, तो वेगळा सांगायला नको. ‘ट्रान्स स्त्री’, ‘ट्रान्स पुरुष’ हे शब्द त्या समाजात बोलले जातात, तेच ठेवावेत. रकान्यात ‘पारलिंगी/तृतीयपंथी’ असे दोन्ही शब्द छापले तर जुन्या व नव्या दोन्ही पिढ्यांची सोय होईल.

आता ‘देतो/देते’. इंग्रजी नमुन्यात लिंग विचारणारा एक चौकोन असतो. मराठीत क्रियापदच लिंग विचारते, आणि तेही अनेकदा. मागे एका सेतू केंद्रात रहिवासाच्या दाखल्यासाठी मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे साडी नेसलेली एक ट्रान्स स्त्री होती. खिडकीमागच्या लिपिकाने घोषणापत्र पुढे ओढले, ‘मी खाली सही करणार असे लिहून देतो/देते की’ या ओळीवर पेन टेकवले, आधार कार्डाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, “यातलं काय खोडू?” मागची रांग गप्प झाली. ती म्हणाली, “साहेब, ‘देतो’ खोडा.” त्याने खोडले. खाली ‘राहतो/राहते’ आले, पुन्हा तोच प्रश्न. त्याखाली ‘जाणतो/जाणते’, पुन्हा तोच. एका पानावर तिला तीनदा जाहीरपणे उत्तर द्यावे लागले. लिपिक वाईट नव्हता. नमुनाच तसा होता.

तिसरे रूप म्हणून नपुंसकलिंगी ‘देतं’ छापावे, असे कोणी सुचवले तर ते मुळीच स्वीकारू नये. प्रमाण मराठीत ‘मी देतं’ असे कोणी म्हणत नाही, आणि मोठ्या माणसाला ‘ते आलं’ म्हणणे हा अपमान ठरतो. मालवणीत स्त्री-पुरुष दोघेही ‘मी जातंय’ म्हणतात, कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’ म्हणतात. तेव्हा मराठीच्या सर्व बोलींनी हा भेद सारखाच पाळलेला नाही, हे खरे. अर्जाची भाषा मात्र प्रमाण असते आणि उपायही तिच्यातच आहे. ‘लिहून देतो/देते’ऐवजी ‘लिहून देत आहे’ असे छापावे. त्यात लिंग उमटत नाही. ‘राहतो/राहते’ याच्या जागी ‘माझे वास्तव्य … येथे आहे’, ‘जाणतो/जाणते’ याच्या जागी ‘याची मला जाणीव आहे’ असे लिहावे. ‘माहिती खोटी आढळल्यास कारवाईस पात्र राहीन’ हे वाक्य तर आधीपासूनच निर्दोष आहे, कारण मराठीच्या भविष्यकाळाला लिंगाची गरज नसते. आपल्या जुन्या दस्तांतील ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ हे शब्दही असेच आहेत, आणि खरेदीखतांत ते आजही चालतात. दाखल्यावर ‘श्री./श्रीमती … हे/ह्या’ असे असते, तिथे नुसते नाव आणि पुढे ‘ही व्यक्ती … येथील रहिवासी आहे’ असे लिहिता येईल. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापद त्याच्यामागे जाते, समोरच्या माणसाच्या लिंगामागे नाही.

ही तटस्थ रूपे छापील नमुन्यासाठी आहेत, खिडकीवरच्या बोलण्यावर ती लादू नयेत. सेतू केंद्रातल्या त्या बाईंनी स्वतःसाठी ‘देते’ निवडले होते, त्यांच्याशी बोलताना ‘ताई’ म्हणणेच योग्य. समोरच्या व्यक्तीचा कल कळला नसेल, तर ‘दादा’ किंवा ‘मावशी’ असा अंदाज करण्याऐवजी ‘तुम्ही’ म्हणावे. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत लिंग उघड होते, ‘तुम्ही कुठून आलात’ यात होत नाही. “तुमचं नाव कसं लिहू?” एवढे विचारले की पुढचा अर्ज भरता येतो.