ऑस्ट्रेलियातल्या एनडीआयएसची बिलं गोव्यातून करतो, ती परत का येतात?

तुम्ही पर्वरीच्या ऑफिसातून एका ऑस्ट्रेलियन सेवासंस्थेची एनडीआयएसची (तिथल्या सरकारच्या दिव्यांग-विमा योजनेची) बिलं करता आणि प्लॅन मॅनेजर (सेवा घेणाऱ्याच्या वतीने बिलं चुकती करणारा) ती परत पाठवतो, असं लिहिलंय. असं बिल समोर आलं की मी आधी तासांचा रकाना बघतो.

पावणेदोन तास म्हणजे १.७५. टाइमशीटवरचं १:४५ बघून १.४५ टाकलं की अठरा मिनिटांचे पैसे बुडाले. एक तास पाच मिनिटांचे १.५ केले तर उलट पंचवीस मिनिटं जास्त लागली, आणि हे जास्त वाईट, कारण ते खोटं बिल दिसतं. एक्सेलमध्ये संपल्याच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करा, त्याला २४ ने गुणा.

मग वार. स्वतःच्या कामात मदत (अंघोळ, कपडे वगैरे) या सेवेचा सोमवार ते शुक्रवार, दिवसाच्या वेळेचा कोड ०१_०११_०१०७_१_१. त्यातल्या ०११ च्या जागी सार्वजनिक सुट्टीला ०१२, शनिवारी ०१३, रविवारी ०१४ येतं. शुक्रवार रात्रीची शिफ्ट शनिवारात गेली तर मध्यरात्री तोडून दोन ओळी करा. वार आणि तारीख सेवा झाली तिथल्या घड्याळाने. सिडनी आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. क्वीन्सलँडला मात्र बारा महिने साडेचारच.

सुट्ट्याही राज्यागणिक वेगळ्या. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी व्हिक्टोरियात जूनच्या दुसऱ्या सोमवारी, क्वीन्सलँडात ऑक्टोबरच्या पहिल्या. आपलं चवथीचं कॅलेंडर इथे कामाचं नाही, प्रत्येक राज्याची यादी वेगळी ठेवा.

नवे दर बहुधा १ जुलैला लागू होतात. जूनची सेवा जुलैत बिल केली तरी दर जूनचाच, कारण सेवेची तारीख धरतात, बिलाची नाही. जुलैत बिलं परत येण्याचं हे नेहमीचं कारण.

बाकी किरकोळ: सेवा घेणाऱ्याचं नाव आणि नऊ आकडी एनडीआयएस नंबर, संस्थेचा अकरा आकडी एबीएन (तिथला व्यवसाय क्रमांक), बिल नंबर, प्रत्येक शिफ्टची स्वतंत्र ओळ. प्रवास सेवेच्या तासांत मिसळू नका, त्याची ओळ वेगळी. जीएसटी बहुतेक सेवांवर शून्य. इथल्या सवयीने अठरा टक्के लावणारे सापडतात!

एक्सेलची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर ५ जून ६ मे होते, आणि दर, वार दोन्ही चुकतात. तारखेचा रकाना वर्ष/महिना/दिवस असाच ठेवा.