डिले आणि रिव्हर्ब पॅरलल जोडून दोन अँपवर स्टिरिओ कसं काढायचं? वाय केबल पुरेल का?

तुमच्याकडे गिटारची ओव्हरड्राइव्ह, मोनो कोरस, स्टिरिओ डिले (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं) आणि स्टिरिओ रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा देणारं) ही पेडल्स आणि दोन अँप आहेत. डिलेच्या प्रत्येक रिपीटवर रिव्हर्ब चढून आवाज गढूळ होतो, म्हणून ही दोन पेडल्स एकामागून एक न जोडता पॅरलल, म्हणजे सिग्नलच्या दोन वेगळ्या वाटांवर, चालवायची आहेत. बेत चांगला आहे, पण वाय केबल (एका टोकाची दोन टोकं करणारी) अर्ध्याच कामाची आहे.

सिग्नल फोडायला ती चालते, फक्त आधी एखादं बफर (सिग्नल कमकुवत होऊ न देणारं सर्किट) असलेलं पेडल चालू हवं. दोन वाटा पुन्हा एकत्र जोडायला ती वापरू नका. दोन पेडल्सचे आउटपुट थेट एकत्र बांधले की प्रत्येकाला समोरच्याचा आउटपुट ओढायला लागतो. आवाज पडतो, कधी फाटतो. जोडायला मिक्सरच हवा. बॉस कंपनीचा एलएस-२ (सिग्नलच्या वाटा निवडणारं पेडल) हे काम ए+बी मिक्स मोडमध्ये नीट करतो, पण तो मोनो आहे. तुम्हाला दोन स्टिरिओ चॅनेलचा छोटा लाइन मिक्सर लागेल.

ओव्हरड्राइव्ह आणि कोरस सरळ एका रांगेत राहू द्या. कोरसनंतर सिग्नल फोडा. एक वाट डिलेच्या डाव्या इनपुटला, दुसरी रिव्हर्बच्या डाव्या इनपुटला. दोघांचे डावे-उजवे आउटपुट मिक्सरच्या वेगवेगळ्या स्टिरिओ चॅनेलला, आणि मिक्सरचे दोन आउटपुट दोन अँपना. मिक्सरचा मास्टर आधी अगदी खाली ठेवा. लाइन लेव्हलचा सिग्नल अँपच्या इनपुटला सहज फाडतो.

आता खरी गोम. मूळ कोरडा (इफेक्ट न लागलेला) सिग्नल एकाच वाटेने जायला हवा. तो डिलेमधून जाऊ द्या, मिक्स (इफेक्टचं प्रमाण) ३० टक्क्यांच्या आसपास. रिव्हर्बचा मिक्स मात्र पूर्ण १०० टक्के, किंवा पेडलमध्ये किल ड्राय (कोरडा सिग्नल बंद करणारी सेटिंग) असेल तर ते चालू. असं का? डिजिटल पेडलमध्ये सिग्नल आत जाऊन बाहेर यायला मिलिसेकंदाच्या घरातला वेळ जातो. त्यातून आलेला कोरडा सिग्नल दुसऱ्या वाटेच्या सिग्नलला भेटला, की फरक फक्त १ मिलिसेकंदाचा असला तरी ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात. गिटार पोकळ, नाकातून वाजल्यासारखी होते, आणि नवखा माणूस दोष पिकअपमध्ये शोधत बसतो.

मग रिव्हर्ब बंद करून बघा. ट्रू बायपास (बंद पेडलचा इनपुट थेट आउटपुटला जोडणारी रचना) असेल तर बंद केल्यावर कोरडा सिग्नल सरळ पुढे जातो आणि आवाज एकदम वाढतो. किल ड्राय चालू ठेवून ट्रेल्स (बंद केल्यावरही उरलेला घुमारा विरेपर्यंत वाजू देणारा) किंवा बफर्ड बायपास निवडा. किल ड्राय असताना बंद पेडलमधून काहीच यायला नको. डिलेही बंद करून पाहा. काही पेडल्स बायपासमध्ये मोनो इनपुट फक्त डावीकडे सोडतात, म्हणजे उजवा अँप मुका होतो.

दोन अँप जोडल्यावर हम (सतत गुणगुण) आला तर तो बहुतेक ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन अँपच्या अर्थिंगमधून बनलेल्या वर्तुळाचा असतो. दोन्ही अँप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. तरी राहिला तर मिक्सरच्या एका आउटपुटवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून हम घालवू नका, त्यात जीव जाऊ शकतो. डिजिटल पेडल्सना आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय द्या, आणि पेडलवर लिहिलेल्यापेक्षा कमी मिलिअँपचा आउटपुट वापरू नका.

दोन्ही अँप शेजारी ठेवून जाड ई तार वाजवा. एकत्र वाजताना खर्ज पातळ झाला तर एका अँपची पोलॅरिटी उलटी आहे. अँप बंद करून त्याच्या स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा.

कधी एकाच अँपवर वाजवायचं झालं तर डिले आणि रिव्हर्बच्या उजव्या आउटपुटमधले जॅक काढून टाका. ते तसेच ठेवून फक्त मिक्सरचा डावा आउटपुट घेतलात, तर पिंग-पाँग (डावीकडे-उजवीकडे आलटून-पालटून वाजणाऱ्या) डिलेचे अर्धे रिपीट गायब होतील.