चक्रीवादळ आणि नंतरचे विजेविना दिवस: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चक्रीवादळाच्या तयारीविषयी आलेल्या पत्रांत वाऱ्यापेक्षा विजेबद्दल जास्त विचारले आहे, आणि ते रास्तच आहे. वादळ काही तासांत घरावरून पुढे सरकते, पण मोडलेले खांब उभे करून तारा पुन्हा ओढायला कित्येक दिवस, कधीकधी आठवडे लागतात. म्हणून उत्तरांतही भर त्याच दिवसांवर आहे.

प्रश्न: घरात आम्ही चौघे आहोत. पाणी किती साठवावे? गच्चीवरची टाकी भरलेली असली की पुरे का?

पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि तोंड-हात धुण्यापुरते माणशी रोज 4 लिटर धरा. चौघांचे आठवड्याचे 112 लिटर होतात, म्हणजे 20 लिटरचे सहा कॅन. घरात तान्हे बाळ, आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल, हवा उकाड्याची असेल, तर यात भर घाला.

गच्चीवरची टाकी काठोकाठ भराच, पण तिचे पहिले कारण वेगळे आहे. प्लास्टिकची रिकामी टाकी वाऱ्याने सहज उडते, तर 1000 लिटरची भरलेली टाकी टनभर वजनाने जागेवर बसून राहते. झाकण दोरीने आवळून बांधा आणि वादळाच्या आधी टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा, कारण उघड्यावरचा पाइप तुटला तर सगळे पाणी रात्रीत वाहून जाते. पिण्याचा साठा मात्र घरातच, झाकणाच्या भांड्यांत हवा. इमारतीतल्या लोकांनी एक ध्यानात ठेवावे: पंप विजेवर चालतो, तेव्हा वीज गेली की टाकीत आहे तेवढेच पाणी. आरओ शुद्धीकरण यंत्रही विजेविना बंद पडते.

संडासासाठी बादल्या, टब, पिंपे भरून ठेवा. बादलीतले 6 ते 10 लिटर पाणी थेट भांड्यात एका दमात ओतले की पुरते. थोडे थोडे ओतले तर पाणीही जाते आणि घाणही राहते.

नळाच्या पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. इंधन नसेल तर 5 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेले, सुगंध न घातलेले साधे ब्लीच लिटरमागे दोन थेंब टाका, ढवळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी कापडातून गाळा आणि थेंब दुप्पट करा. अर्ध्या तासाने क्लोरिनचा किंचित वास यायला हवा. आला नाही तर तेवढाच डोस पुन्हा द्या आणि पंधरा मिनिटे थांबा. पुराच्या पाण्यात डिझेल, कीटकनाशक किंवा रसायन मिसळले असेल तर यातला कोणताही उपाय चालत नाही. ते पाणी पिऊ नका.

प्रश्न: 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय किती तास चालेल?

चार तासांपेक्षाही कमी. बहुतेकांना हे ऐकून धक्का बसतो, म्हणून हिशोबच मांडतो.

12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-तास. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी 900. इन्व्हर्टरमध्ये साधारण 15 टक्के वाया जातात, उरले सुमारे 750. आता खर्च पाहा. जुन्या पद्धतीचा पंखा 75 वॉटचा, दोन पंख्यांचे 150. नऊ वॉटचे चार एलईडी 36. राउटर 10. एकूण जवळजवळ 200 वॉट. 750 भागिले 200.

तीच बॅटरी एक पंखा आणि दोन दिव्यांवर आठ तास चालते. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविना मोटारीचा पंखा 30 वॉटच्या आसपास घेतो. तो आणि एक दिवा एवढेच ठेवले तर अठरा-एकोणीस तास मिळतात. लांब खंडित होणाऱ्या विजेसाठी दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलणे हा आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा खर्च.

हे सगळे आकडे नव्या बॅटरीचे आहेत. चार वर्षे जुनी बॅटरी बरेच कमी देईल. शिवाय 150 एएच हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा असतो. भार वाढवला की मिळणारी एकूण वीजही घटते. वादळाच्या आठवडाभर आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहा, टर्मिनलवरचा पांढरा थर साफ करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि पाणी शिरण्याची भीती असेल तर ती जमिनीवरून उचलून मजबूत ओट्यावर ठेवा. वापर सुरू झाल्यावर मल्टिमीटर लावून बघत जा. भार काढून थोडा वेळ थांबल्यावर 12.1 व्होल्ट दिसले की निम्मी संपली, तिथेच थांबा. पूर्ण उतरलेली बॅटरी दिवसेंदिवस तशीच पडली तर प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि वीज आल्यावरही ती पूर्वीसारखी चार्ज होत नाही.

प्रश्न: छतावर सोलर आहे. मग आम्हाला काळजी नाही ना?

बॅटरी नसलेली, ग्रिडला म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेली सोलर यंत्रणा ग्रिड बंद पडताच स्वतःहून बंद होते. भर उन्हातसुद्धा. तुमच्या पॅनेलची वीज बाहेरच्या तारेत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये, म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. वीज गेल्यावर चालायची असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. आता निदान पॅनेलचे क्लॅम्प आणि बोल्ट घट्ट आहेत का, एवढे तपासून घ्या.

प्रश्न: छोटा पेट्रोल जनरेटर घेतला आहे. बाल्कनीत ठेवून दोन टोकांना प्लग असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटला जोडला तर चालेल का?

दोन्ही गोष्टी जीवघेण्या आहेत.

आधी जागा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाल्कनी, जिना, गॅरेज, दार अर्धे उघडे ठेवलेली खोली, कुठेच नको. दारे-खिडक्यांपासून, शेजाऱ्यांच्यासुद्धा, किमान 6 मीटर दूर, मोकळ्यावर, धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला. एवढी मोकळी जागा नसेल तर जनरेटर वापरूच नये, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म बसवा. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही लक्षणे वादळानंतरच्या थकव्यासारखीच वाटतात आणि माणूस जरा पडतो म्हणून झोपी जातो. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना असे होऊ लागले तर सगळ्यांनी तत्काळ बाहेर पडावे आणि डॉक्टरांना गाठावे. कोळशाची शेगडीही याच कारणाने घरात पेटवू नका.

आता ती वायर. जनरेटर सॉकेटला जोडला आणि मेन स्विच चालू राहिला, तर वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही तेच काम करतो: घरातल्या काहीशे व्होल्टचे तो हजारो व्होल्ट करतो. तार बंद आहे असे समजून खांबावर चढलेला माणूस त्याने मरू शकतो. वायरचा एक प्लग सॉकेटमधून निसटला तर त्याच्या उघड्या पिनांत जिवंत करंट असतो. घराचे वायरिंग जोडायचेच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, बसवून घ्या. नाहीतर उपकरण थेट जनरेटरच्या सॉकेटला, किमान 2.5 चौरस मिलिमीटरच्या तीन तारी एक्स्टेंशनने जोडा. एक्स्टेंशन पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर आत उष्णता साठून आवरण वितळते.

क्षमता बघताना फसगत होते ती सुरुवातीच्या झटक्यात. चालू फ्रीज 150-200 वॉट घेत असला तरी कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट वीज लागते. म्हणून आधी फ्रीज सुरू करा, तो स्थिरावला की बाकीचे जोडा. इंधन वाचवायचे तर दिवसभर चालवू नका. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासांत फ्रीज गार करणे, इन्व्हर्टर आणि फोन चार्ज करणे उरकून घ्या. इंजिन थंड झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नका. आणि काम संपल्यावर कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा इंजिनाचा भाग) रिकामा करा. महिनोन् महिने साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्याच्या बारीक छिद्रात बसतो आणि ऐन गरजेला जनरेटर सुरूच होत नाही. तक्रार बहुतेकदा हीच असते.

प्रश्न: फ्रीजमधले अन्न किती वेळ चांगले राहते?

दार न उघडता फ्रीजचा खालचा भाग 4 तास. गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. म्हणून वादळाचा इशारा मिळाला की फ्रीज सर्वांत थंड सेटिंगवर ठेवा आणि फ्रीझरमधली रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा, मात्र बाटल्या वरून थोड्या रिकाम्या ठेवा, बर्फ फुगतो.

घर सोडून जाणार असाल तर पेलाभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक नाणे ठेवून जा. परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले तर मध्यंतरी सगळे वितळून पुन्हा गोठले आहे, ते अन्न टाकून द्या. नाणे वरच असेल तर ठीक. दूध, मांस, मासे, शिजवलेले पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ 4 अंश सेल्सिअसच्या वर राहिले असतील तर चव घेऊन ठरवू नका. चवीवरून कळत नाही.

प्रश्न: वडील इन्सुलिन घेतात. फ्रीज बंद पडला तर?

न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन 30 अंशांखाली सुमारे 28 दिवस चालते. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात, ते आजच वाचून कुपीवर तारीख लिहा. थर्मासमध्ये ठेवताना बर्फ आणि कुपी यांच्यामध्ये जाड कापड हवेच, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर निरुपयोगी होते. ओल्या मातीच्या मडक्याचा उपाय कोरड्या हवेत छान चालतो, पण वादळानंतरच्या दमट हवेत पाणी उडत नाही आणि गारवाही फारसा येत नाही.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) असेल तर इन्व्हर्टरवर विसंबू नका. मिनिटाला 5 लिटर देणारे यंत्र 300 वॉटच्या आसपास सतत ओढते, वर काढलेल्या 750 वॉट-तासांत ते अडीच तास चालेल. सिलिंडरची सोय आधी करा, किंवा रुग्णाला वादळापूर्वीच हलवा.

प्रश्न: खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारावी का?

नको. काच त्याने मजबूत होत नाही, फुटल्यावर तुकडे उलट मोठे पडतात. शटर किंवा 16 मिलिमीटरचे प्लायवूड चौकटीबाहेर, भिंतीत स्क्रूने पक्के करा. दाब समान व्हावा म्हणून खिडकी उघडी ठेवण्याचा सल्लाही चुकीचा आहे: आत शिरलेला वारा छप्पर खालून ढकलतो. आणि वारा मध्येच एकाएकी थांबला तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.

प्रश्न: वीज परत येताना काय काळजी घ्यावी?

वीज जाताच फ्रीज, टीव्ही, पंप, एसी यांचे प्लग काढा. एक दिवा तेवढा चालू ठेवा, म्हणजे वीज आल्याचे कळेल. सुरुवातीला ती येते-जाते, व्होल्टेजही वरखाली होते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटे थांबून एकेक उपकरण जोडा. घरात पाणी शिरले असेल तर मात्र हा क्रम लागू नाही. पाण्यात उभे राहून मेन स्विचला हात लावायचा नाही. पाणी ओसरल्यावर, बुडालेले सॉकेट आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत मेन बंदच राहू द्या, आणि भिजलेली मोटार वरून कोरडी दिसली तरी ती उघडून वाळवल्याशिवाय सुरू करू नका.