मॅक्स बीरबोम लेखक की चित्रकार, आणि त्याच्याकडे वळताना सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की मॅक्स बीरबोमची 'झुलीका डॉबसन' ही कादंबरी अर्ध्यात सुटली, तर हा माणूस नक्की लेखक होता की व्यंगचित्रकार, आणि त्याच्याकडे पुन्हा वळायचं तर कसं. कादंबरी सुटली यात तुमचं काही चुकलेलं नाही. ती शेवटी वाचायची असते, आणि बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात.

आपण सरसकट 'व्यंगचित्र' म्हणतो, पण मॅक्सचं खरं काम अर्कचित्राचं, म्हणजे कॅरिकेचरचं. १९०१ च्या एका निबंधात त्याने आपली रीत सांगितली आहे: माणूस मुशीत पूर्ण वितळवायचा आणि त्या रसातून नव्याने घडवायचा. त्याचा एकही कण हरवता कामा नये आणि एकही कण होता तसा राहता कामा नये. अर्कचित्र हा आपला शब्द त्याच्यासाठीच घडवल्यासारखा वाटतो. हीच रीत त्याने गद्यातही वापरली. चित्रात माणसाच्या शरीराचा अर्क, विडंबनात लेखकाच्या शैलीचा. म्हणून 'लेखक की चित्रकार' या प्रश्नाला माझं उत्तर: कसब एकच, हत्यारं दोन.

आयुष्य थोडक्यात. जन्म लंडनचा, १८७२ चा. नट हर्बर्ट बीरबोम ट्री हा त्याचा सावत्र भाऊ. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकला, पदवी न घेताच बाहेर पडला. निबंधांचं पहिलं पुस्तक आणि अर्कचित्रांचं पहिलं पुस्तक, दोन्ही १८९६ ची. १८९८ मध्ये बर्नार्ड शॉच्या जागी 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक झाला आणि बारा वर्षं ते काम केलं. १९१० मध्ये फ्लॉरेन्स कान या अमेरिकन अभिनेत्रीशी लग्न केलं आणि इटलीत रापाल्लोला राहायला गेला. दोन महायुद्धांचा काळ सोडला तर १९५६ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

आता चित्रांकडे. मॅक्स माणसाला समोर बसवून काढत नसे. आधी नीट बघायचं आणि मग आठवणीतून काढायचं. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माणूस समोर असला की हात नक्कल करू लागतो. आठवणीत मात्र ठळक तेवढंच उरतं आणि फुगतं, बाकीचं आपोआप आक्रसतं. त्यामुळे त्याचं चित्र बघताना चेहऱ्यावर थांबू नका. उभं राहण्याची ढब, खांद्यांचा उतार, कपड्यांची बसण हेही तितकंच बोलतं. पेन्सिल, शाई आणि वर जलरंगाचा पातळ हात, एवढंच साहित्य. इंटरनेटवर बघताना एक चूक हमखास होते. चित्राखालची ओळ बऱ्याचदा त्याने स्वतःच्या अक्षरात कागदावरच लिहिलेली असते, आणि कापलेल्या प्रतींत नेमकी तीच जाते. ओळ गेली की निम्मं चित्र गेलं. पूर्ण कागद दिसणारी प्रतच शोधा.

अर्क ओळखू यायचा तर मूळ चव माहीत हवी. वाचनाचा क्रम मी यावरूनच ठरवतो. आपल्याकडे किपलिंग माहीत नाही असा वाचक विरळा, म्हणून सुरुवात तिथून. १९०४ च्या 'द पोएट्स कॉर्नर' या चित्रसंग्रहात मॅक्सने बुटका किपलिंग ब्रिटानियाला, म्हणजे स्त्रीरूपातल्या ब्रिटनला, आपली मैत्रीण म्हणून फिरायला घेऊन निघालेला दाखवला आहे. ते चित्र बघा आणि लगेच १९१२ च्या 'अ ख्रिसमस गार्लंड'मधलं किपलिंगचं विडंबन वाचा. त्यात एक पोलीस धुराड्यातून बाहेर येणाऱ्या सांताक्लॉजला पकडतो. सत्तेची आणि दांडगाईची किपलिंगला असलेली ओढ मॅक्सला मनापासून खटकत होती आणि दोन्हीकडे तोच राग आहे. या पुस्तकात सतरा लेखकांची विडंबनं आहेत, सगळी नाताळवर. सगळी एका बैठकीत वाचू नका. ज्या लेखकाची दहा-वीस पानं तरी वाचली असतील त्याचंच विडंबन घ्या. लांबलचक वाक्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीकार हेन्री जेम्सचं सर्वात सरस: दोन मुलं, पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेले मोजे, आणि आत डोकावावं की नाही यावरची न संपणारी वाक्यं. पण जेम्स अजिबात वाचलेला नसेल तर ते नुसतंच कंटाळवाणं वाटेल.

मग १९१९ च्या 'सेव्हन मेन'मधली 'ईनॉक सोम्स' ही कथा. तिला कुठल्याच पूर्वतयारीची गरज नाही. एक सुमार कवी सैतानाला आत्मा विकतो, कशासाठी, तर शंभर वर्षांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन आपलं नाव शोधण्यासाठी. त्याच्या भेटीची तारीख मॅक्सने ३ जून १९९७ दिली होती, आणि त्या दिवशी खरोखरच काही वाचक तिथे वाट बघत जमले होते.

त्यानंतर १९२२ चं 'रॉसेटी अँड हिज सर्कल', कवी-चित्रकार रॉसेटी आणि त्याच्या मित्रमंडळींवरच्या चित्रांचं पुस्तक. रॉसेटी १८८२ मध्ये गेला तेव्हा मॅक्स दहा वर्षांचाही नव्हता. इथे स्वतःच्या आठवणीचा आधार नाही, तरी माणसं जिवंत वाटतात. मला ही चित्रं त्याच्या कामाचा कळस वाटतात. या मालिकेतली मूळ चित्रं लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत.

तो फक्त मवाळ आणि गोड होता असं कुठे वाचलंत तर १९२३ चं प्रदर्शन आठवा. राजघराण्यावरच्या चित्रांवरून वर्तमानपत्रांनी इतका गहजब केला की ती त्याला काढून घ्यावी लागली. 'सर' ही पदवी मिळायला पुढे १९३९ उजाडलं.

पुस्तकं मिळायला अडचण नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे २०१७ पासून त्याचं हयातीत छापलेलं लेखन आपल्याकडे मुक्त आहे. गद्य प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतं. चित्रांसाठी मात्र इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या आवृत्त्यांच्या पूर्ण प्रती बघा.

एवढं झालं की तुमची सुटलेली १९११ ची कादंबरी पुन्हा उघडा. ऑक्सफर्डचे सगळे विद्यार्थी एका मुलीपायी नदीत जीव देतात, ही गोष्ट प्रेमकथा म्हणून वाचली की पात्रं पुठ्ठ्याची वाटतात आणि पुस्तक सुटतं. पात्रांच्या मनात शिरू नका. वाक्यांच्या डौलाकडे लक्ष द्या, कारण इथे अर्क काढलाय तो भरजरी प्रणयकथांच्या शैलीचा आणि ऑक्सफर्डच्या आत्मप्रौढीचा. पहिल्याच प्रकरणात नायिकेची गाडी जाताना ऑक्सफर्डमधल्या सम्राटांच्या दगडी पुतळ्यांच्या कपाळावर घाम फुटतो, तिथे ती शैली पकडीत येते. आणि नायिकेचं नाव 'झुलायका' नाही, 'झुलीका'. बीबीसीने विचारलं तेव्हा मॅक्सने तारेने कळवलं होतं की उच्चार 'स्पीकर'सारखा करा, 'हायकर'सारखा नको.