घरी अहिराणी बोलतो. साडेतीन वर्षांच्या मुलीला खेळातून इंग्रजी कसं शिकवायचं?

आधी एक सांगते, घरातली अहिराणी बंद करू नका. गोष्टी, लाड, रागावणं सगळं तिच्यातच चालू द्या. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही या वयासाठी खेळ आणि घरची भाषा यांवरच भर आहे.

मी यावलकडे बालवाडी चालवते. ए-बी-सी-डीची पाटी आम्ही सुरुवातीचे काही महिने काढतच नाही. टोपलीत दोन केळी, एक वांगं, एक लिंबू ठेवते आणि म्हणते, 'गिव्ह मी द बनाना.' मूल नुसतं उचलून देतं, बोलत नाही, तरी चालतं. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची पद्धत हीच: आधी ऐकून हालचाल, बोलणं नंतर. मग पोरंच उलट मला हुकूम सोडतात, 'टीचर, जम्प!' मला उडी मारावीच लागते, आणि 'जम्प' त्यांच्या तोंडी कायमचं बसतं.

रोज दहा मिनिटं पुरे. 'बनाना'ला 'बलाना' म्हणाली तर टोकू नका. 'येस, बनाना' म्हणत खेळ पुढे न्या. पाहुण्यांसमोर मात्र 'इंग्लिश बोलून दाखव' म्हणू नका, हात जोडून सांगते. पोर तिथेच गप्प होते.