प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत

प्रश्न: ताई, मागच्या वर्षी मिस्टर गेले आणि नगरचं घर बंद करून मी इंदूरला मुलाकडे आले. मुलगा-सून खूप करतात माझं, पण इथल्या चर्चमध्ये सगळं हिंदीत, स्क्रीनवर भजनं येतात आणि मी नुसते ओठ हलवते. रात्री प्रार्थनेला बसलं की एक शब्द सुचत नाही. 'उपासना संगीत', आपलं मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक, अजून बॅगेतच आहे, टॉवेलात गुंडाळलेलं. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक वाचक, सुदामा नगर

उत्तर: मावशी, अजिबात नाही. नवरा गेला, घर सुटलं, गाव सुटलं, शेजारपाजारची मंडळी सुटली आणि हे सगळं एका वर्षात, मग शब्द येणार कुठून? बायबलातलं स्तोत्र १३७ काढून बघा, बाबेलला कैद करून नेलेले यहुदी लोक रडत हेच विचारतात की परक्या मुलखात परमेश्वराचं गीत गायचं कसं. आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणून आपले शब्द नसतील तेव्हा हीच स्तोत्रं मोठ्यांदा वाचा, तीच प्रार्थना. देवाला तक्रार सांगितलेली चालते.

बायबलातला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता ना, तेव्हा दूताने त्याला आधी खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, उपदेश नाही केला. म्हणून विचारते, जेवण-झोप नीट आहे का? नसेल तर सुनेला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वास कमी असल्यासारखं काहीही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला फार वाटतं. १९१९ साली त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. तुम्ही काही मोठं करावं असं नाही म्हणत मी, पण ते 'उपासना संगीत' बॅगेतून बाहेर काढा. मिस्टरांना आवडायचं ते गीत सकाळी पोळ्या करताना म्हणा, रडू आलं तर येऊ द्या, नातवंडं ऐकतील तर ऐकू द्या. आणि चर्चच्या पाळकसाहेबांना सरळ विचारा की मंडळीत अजून कोणती मराठी कुटुंबं आहेत. इंदुरात मराठी माणसं काय कमी आहेत का! दोघं-तिघं जमलात तरी आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठीत उपासना सुरू करता येईल.

कोणतं गीत म्हटलंत ते मला नक्की कळवा.