सेव्हिलमध्ये एक सत्र शिकायला गेलेल्या अमेरिकी विद्यार्थिनीचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही विचारलंय की मुलगी न्यू जर्सीत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, जानेवारीत पाच महिन्यांसाठी स्पेनमधल्या सेव्हिलला जाणार आहे, तिथे एका कुटुंबात राहणार आहे आणि ती शाकाहारी आहे. तिचे दिवस कसे जातील? मी २०१८ च्या जानेवारीत अगदी अशीच गेले होते. अकरा वर्षांची होईपर्यंत नाशिक, नंतर न्यू जर्सीतलं एडिसन, आणि विसाव्या वर्षी सेव्हिलमध्ये त्रियाना भागातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तिथले लोक गावाचं नाव 'सेविया' असं उच्चारतात. मुलीने आतापासून तसंच म्हणायची सवय केलेली बरी.

आधी घड्याळाचं सांगते, कारण पहिला महिना तेच तिला सगळ्यात जास्त छळेल. स्पेन नकाशावर जवळपास इंग्लंडच्या खाली येतो, पण घड्याळ जर्मनीचं पाळतो. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत काटे एक तास पुढे केले, ते पुन्हा मागे आलेच नाहीत. त्यातून सेव्हिल देशाच्या पश्चिमेकडे. म्हणून जानेवारीत तिथे साडेआठ वाजून गेले तरी सूर्य उगवलेला नसतो आणि जूनच्या शेवटी रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनऊ-दहाला. अमेरिकन कॉलेजात संध्याकाळी सहाला जेवायची सवय लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात सहा वाजता हॉटेल शोधत फिरतात आणि स्वयंपाकघरं बंद असतात. सकाळी घरी नुसती कॉफी आणि बिस्किटं मिळाली की वाटतं, इथे उपाशीच राहायचं की काय. पण खरा नाश्ता अकराच्या सुमारास बाहेर होतो. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेलाची धार आणि मीठ. याला तोस्तादा म्हणतात. सोबत काचेच्या ग्लासात दूधवाली कॉफी. तेव्हा हे सगळं तीन युरोंच्या आत व्हायचं. वर्गातली मुलं, प्राध्यापक, बँकेतले लोक, सगळे त्या वेळी एकाच काउंटरपाशी उभे असतात.

दुसरी गोष्ट थंडीची. सेव्हिल म्हटलं की सगळे उन्हाळ्याचंच बोलतात, आणि जुलैत पारा चाळिशीच्या वर जातो हे खरंच आहे. पण तिथली जुनी घरं त्या उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार, छत उंच, आणि बऱ्याच घरांत अमेरिकेसारखी घरभर उष्णता देणारी सोयच नसते. जानेवारीत मी बाहेरच्यापेक्षा घरात जास्त कुडकुडले. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे मेसा कामिया. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारा जाड कापडाचा घेर, आणि आत खाली ब्रासेरो, म्हणजे शेगडी. पूर्वी तिच्यात निखारे असत, आता ती विजेवर चालते. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं आणि तो घेर मांड्यांवर ओढून घ्यायचा. एकाच गोधडीत पाय घालून बसल्यासारखं वाटतं. माझ्या घरच्या सेन्योरा, म्हणजे बाई (मी त्यांना तेवढंच म्हणायचे, त्या साठीच्या होत्या), संध्याकाळी तिथेच भाजी निवडायच्या, मी तिथेच अभ्यास करायचे, शेजारीण येऊन तिथेच टीव्ही बघायची.

घराचे नियमही ऐकून ठेवा. घरात अनवाणी चालायचं नाही, सपाता हव्यातच. आंघोळ लवकर आटपायची, कारण आमच्याकडे पाणी बुतानोवर तापायचं. बुतानो म्हणजे साडेबारा किलो गॅसची नारिंगी टाकी. ती घेऊन माणूस जिने चढून यायचा. माझ्या अमेरिकन मैत्रिणी त्या टाकीकडे अचंब्याने बघायच्या. मला मात्र नाशिकच्या घरातला लाल सिलिंडर आणि 'आंघोळ झाली की गीझर बंद कर गं' ही आजीची हाक आठवली. परक्या गावात ज्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं, तो हाच दिवस.

आता मला खरं जे सांगायचंय ते. दुपारचं जेवण झालं की तिथे कोणी उठत नाही. ताटं तशीच, पावाचे तुकडे तसेच, संत्र्याची सालं पडलेली, आणि तासभर गप्पा. याला त्यांच्याकडे सोब्रेमेसा असा शब्द आहे. आपल्याकडे हात वाळेपर्यंत गप्पा म्हणतात, तेच. मुलीचं स्पॅनिश याच टेबलावर तयार होईल, वर्गात नाही. आणि मी पहिले दोन महिने नेमकं हेच घालवलं.

झालं असं की आमचे वर्ग सोमवार ते गुरुवार असायचे. स्वस्त विमानांची तिकिटं मिळायची. गुरुवारी रात्री आमचा अमेरिकन मुलांचा घोळका निघायचा तो रविवारी रात्री परतायचा. लिस्बन, पॅरिस, रोम, मर्राकेश. सगळीकडे आपसात इंग्रजीच. सेन्योरा दर गुरुवारी विचारायच्या, "रविवारी जेवायला आहेस का?" आणि मी म्हणायचे, नाही. रविवारी त्यांचा मुलगा, सून, नातवंडं यायची, तांदळाचं मोठं पातेलं व्हायचं. फेब्रुवारीच्या शेवटी मला ताप आला म्हणून मी एका शनिवार-रविवारी घरी राहिले. तेव्हा नातीने मला विचारलं, "तू इथे राहतेस का फक्त झोपायला येतेस?" सहा वर्षांची होती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानंतर मी फक्त एकदा बाहेर गेले, तेही बसने ग्रानादाला. मुलीला एवढं एकच सांगा. युरोप पुढेही बघता येईल. रविवारचं ते टेबल पाच महिन्यांत जेमतेम वीस वेळा मिळतं.

भाषेबद्दल. अमेरिकन शाळेत बहुतेक लॅटिन अमेरिकेतलं स्पॅनिश शिकवतात. स्पेनमध्ये रोज लागणारं 'वोसोत्रोस' म्हणजे आपलं 'तुम्ही लोक', ते आम्ही जवळजवळ सोडूनच दिलं होतं. वर आंदालुसियाचे, म्हणजे सेव्हिल ज्या प्रांतात आहे तिथले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात. 'ग्रासियास'चं 'ग्रासिया' होतं, 'मास ओ मेनोस' (म्हणजे कमी-जास्त)चं 'मा ओ मेनो'. शाळेत चार वर्षं उत्तम गुण मिळवलेली मी, पहिल्या दिवशी सेन्योरांचं एक वाक्य धड कळलं नाही म्हणून रात्री रडले. तीन-चार आठवड्यांत कान बसतो. भाजीवाला 'मियार्मा' म्हणाला तर दचकायचं नाही. 'माझ्या जिवा' असा त्याचा अर्थ, आणि तो ते सगळ्यांनाच म्हणतो.

मराठी कानाला मात्र एक सुख मिळतं, जे माझ्या मैत्रिणींना नव्हतं. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेल्या शब्दांची सख्खी भावंडं स्पॅनिशमध्ये सापडतात. पैसे देणे म्हणजे पागार, आपला पगार. बटाटा म्हणजे पाताता. पाव म्हणजे पान. पाद्री तर पाद्रेच. आणि नारांखा म्हणजे संत्रं. हा शब्द मुळात आपल्याच बाजूचा, संस्कृत नारंग. फारसी आणि अरबीतून फिरत तिथे पोचलेला. रस्त्यांवर दुतर्फा त्याच संत्र्यांची झाडं असतात. मुलीला सांगा, तोडून खाऊ नकोस, ती कडू असतात, मुरांबा करायच्या कामाची. पण वसंतात त्यांना फुलं येतात, आसाहार म्हणतात त्यांना, आणि तो वास थेट लिंबाच्या मोहोरासारखा, फक्त अख्ख्या गावाला येणारा.

शाकाहाराचं नीट लक्ष देऊन वाचा. 'मी मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही. पुष्कळांच्या मते मांस म्हणजे गाय-डुकराचा मोठा तुकडा. खामोन, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली डुकराची मांडी, ती चवीपुरती घातली तर त्यांना मांस वाटतच नाही. सॅलडवर टूना मासा न विचारता येतो. मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज असतं. साल्मोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं सुरेख गार सूप, पण त्यावर खामोनचे तुकडे आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. म्हणून तिने पहिल्याच दिवशी नावं घेऊन सांगावं: खामोन नको, टूना नको, मांसाचा रस्सा नको. अंडं खाते की नाही तेही स्पष्ट सांगावं, कारण अंडं चालत असेल तर बटाट्याच्या जाड तोर्तियावर, म्हणजे ऑम्लेटवर, तिचे निम्मे दिवस निघतील. घर ठरवणाऱ्या लोकांना अर्जातच हे लिहून द्या.

आणि सेव्हिलचा स्वतःचा एक पदार्थ आहे, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस: पालक आणि छोले, लसूण, जिरं आणि तांबड्या मिरचीची पूड घालून. जिऱ्याचा वास आला आणि मी वाटी पुसून खाल्ली. बाहेर खाताना मात्र तिथेही एकदा विचारून घ्यावं. सालं काढलेली लाल मसूर डाळ सुपरमार्केटात मिळायची, हळदही. एकदा मी सगळ्यांसाठी वरण-भात केला, हिंग मी नेलेला होता. हिंगाच्या वासाने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या गेल्या. पण सेन्योरांच्या मुलाने तीनदा वाढून घेतलं आणि त्या घरात त्या वरणाचं नाव 'मुलीची डाळ' पडलं.

अभ्यासाचं थोडक्यात. आमचे बहुतेक वर्ग आम्हाला तिथे नेणाऱ्या शिक्षण-कार्यक्रमाच्या स्वतःच्या केंद्रात, अमेरिकन मुलांबरोबरच होते. एक विषय मात्र मी सेव्हिल विद्यापीठात घेतला. त्याची मुख्य इमारत म्हणजे अठराव्या शतकातला तंबाखूचा शाही कारखाना. मी रोज त्रियानाचा पूल ओलांडून, ग्वादालकिवीर नदीच्या काठाने, तोरे देल ओरोच्या बुरुजाजवळून चालत तिथे जायचे. गुण दहापैकी, पाचला पास. दर आठवड्याला गृहपाठ नाही, सगळा भार शेवटच्या परीक्षेवर. दहापैकी सात मिळाले की अमेरिकन मुलांना धक्का बसतो, तिथे तो चांगला गुण आहे. स्पॅनिश मुलं आपणहून ओळख करून घ्यायला येत नाहीत, कारण त्यांचे मित्र लहानपणापासूनचे असतात आणि बरीचशी आईवडिलांकडेच राहतात. मी वर्गातल्या एका मुलीकडे न समजलेल्या टिपणांची वही मागितली, तिथून मैत्री सुरू झाली. टिपणं मागणं ही तिथली उत्तम ओळख आहे.

इस्टरच्या आधीच्या आठवड्यात, सेमाना सांतामध्ये, पुष्कळ अमेरिकन मुलं गाव सोडून जातात. तिला जाऊ देऊ नका. साठच्या आसपास एर्मानदाद, म्हणजे धार्मिक मंडळं, आपापल्या चर्चमधून येशू आणि मरियमच्या मूर्ती घेऊन कॅथेड्रलपर्यंत जातात आणि परत येतात. कुणाकुणाचे बारा तास त्यात जातात. टोकदार टोप्यांनी चेहरा झाकलेले नासारेनो पुढे चालतात. कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणाऱ्या अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन संघटनेचे लोक तशाच टोप्या घालत, म्हणून त्या पाहून अमेरिकेतून आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, माझ्या वर्गातली एक कृष्णवर्णीय मैत्रीण तर जागच्या जागी थिजली. तिथली प्रथा शतकानुशतकं जुनी आहे, प्रायश्चित्ताची आहे, अमेरिकेतल्या त्या संघटनेशी तिचा संबंध नाही. हे मुलीला जाण्याआधीच माहीत असू द्या. मूर्तीचा चौथरा टनाहून जड. तो मानेवर तोलणारे कोस्तालेरो आत, पडद्याआड असतात, बाहेरून फक्त पावलं दिसतात. पुढचा म्होरक्या हातोडा ठोकतो आणि सगळे एका उडीत चौथरा उचलतात. गुरुवारची रात्र ते शुक्रवारची सकाळ, म्हणजे माद्रुगा, आम्ही उभ्याने काढली. पहाटे त्रियानाच्या पुलाजवळ त्या भागाची मरियम, एस्पेरान्सा, आली तेव्हा सेन्योरा माझा दंड घट्ट धरून रडत होत्या. मला लहानपणी त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी बघताना आजीने धरलेला हात आठवला. त्या दोन मुठींमध्ये मला तरी काही फरक जाणवला नाही.

मग दोन आठवड्यांनी फेरिया, म्हणजे सेव्हिलची वसंतातली जत्रा. तिथे हजाराहून जास्त तंबू असतात, पण बहुतेक खासगी, कुणी बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. मला बोलावणारं घर होतं, ते त्या रविवारच्या जेवणांमुळे.

कागदपत्रांचं म्हणाल तर नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असल्यामुळे विद्यार्थी व्हिसा लागेल. मी न्यू जर्सीची म्हणून मला तो न्यूयॉर्कच्या स्पॅनिश वकिलातीतून घ्यावा लागला. भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून उन्हाळ्यातच हालचाल सुरू करा. बाकी सुरक्षिततेची फार चिंता करू नका. रात्री अकरा वाजता तिथल्या चौकांत आज्या बाकांवर बसलेल्या असतात आणि नातवंडं फुटबॉल खेळत असतात. गर्दीत पाकीट सांभाळावं, एवढंच.

सेन्योरा अजून रविवारी फोन करतात, व्हिडिओ लावून. एडिसनमध्ये तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, मी चहा घेत असते. तिकडे दुपारचे चार, ताटं अजून टेबलावरच, आणि ती सहा वर्षांची नात आता मोठी झालीय. ती फोन हातात घेते आणि एकेकापुढे धरत फिरवते.